अर्ध्या गोष्टीची हुंकारी

चैत्र लागला की कोसमटोल्यात दिवसा माणूस सापडत नाही. तांबडं फुटायच्या आत बाया टोपल्या घेऊन मोहाखाली जातात, त्या उन्हं डोक्यावर आली की परततात. गावात राहतात ती म्हातारी, कुत्री, आणि अंगणाअंगणात वाळत घातलेल्या मोहाचा तो गोड, डोकं जड करणारा वास.

त्या वर्षी ललिताही घरीच होती. चंदन नऊ महिन्यांचा, अंगावर पिणारा. मोहाला अस्वलं येतात, तिथं तान्हं लेकरू कोण नेणार? म्हणून सासू आशाबाई एकटी फुलं वेचून आणायची आणि ललिता ती अंगणात पसरायची, तासातासानं हातानं परतायची. नवरा अतुल मोहर्लीला, वाघ बघायला येणाऱ्यांची जिप्सी चालवायचा. पंधरा दिवसांतून एकदा घरी.

अशात नणंद आली. दीपिका गडचिरोलीला बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा तोंडावर, होस्टेलात पाणी नाही, म्हणून अभ्यासाला घरी आली. तिचा एक पेपर होता जागतिक साहित्याचा. झेरॉक्स काढून तारेत ओवलेली जाड वही, तिच्यात देशोदेशीच्या कथांचे मराठीत केलेले उतारे. दीपिकाला मनातल्या मनात वाचलेलं ध्यानात राहत नसे. ती मोठ्यानं वाचायची, दाराशी चटईवर बसून.

ललिता सातवी शिकलेली. आठवीचा वर्ग नदीपलीकडं होता आणि पावसाळ्यात नाव लागत नव्हती, तिथंच तिची शाळा संपली. पण ऐकायची भारी हौस. हातानं मोह परतायची आणि कान दाराशी. तीन दिवसांत ती तीन मुलखांत जाऊन आली. एकात नुसती वाळू, एकात नुसता समुद्र, एकात माणसं मेलेल्यांना घराच्या उंबऱ्याखालीच पुरायची.

आणि ऐकताना ती हुंकारी भरायची. सवयच तशी. तिचा बाप धानाच्या राखणीला मचाणावर बसून गोष्टी सांगायचा. समोरून 'हूं' आलं नाही की गप्प व्हायचा. म्हणायचा, हुंकारी हे गोष्टीचं पाऊल असते बाई, तिच्याबिगर गोष्ट चालत नाई. आणि एकदा हुंकारी भरली का शेवट ऐकूनच उठाचं. अर्ध्यातून उठलं तं गोष्ट दारात बसून रायते.

दीपिकाला ह्याचं हसू यायचं.

"वहिनी, तुमी आमच्या वर्गात पाह्यजे होत्या. आमचे सर वाचते तवा अर्धा वर्ग घोरते."

"वाच वो तू. मले कोन नेते वर्गात!"

आशाबाई जेवायला आली की दोघींना टोमणा मारायची. "दिवसाढवळ्या गोष्टी लावल्या! दिवसाच्या गोष्टीनं पोराचा मामा वाट चुकल न एखांद्या दिवशी, मंग बसा."

सोमवारची दुपार. आशाबाई जेवून शेजारी सोमारीकडं जरा लवंडायला गेलेली. वारा नव्हता. छपराचे कवेलूसुद्धा तापून कटकट आवाज करत होते. चंदन घरात झोळीत झोपला होता. झोळी म्हणजे ललिताचंच जुनं लुगडं, छताच्या मयालीला टांगलेलं. चंदनच्या वजनानं त्याचं बूड जमिनीपासून वीतभर उंचीवर यायचं. ललिता जाता-येता पायानं हलकेच झोका द्यायची.

दीपिकानं नवा उतारा काढला. आठ महिने बर्फ पडणाऱ्या कुठल्याशा देशातला.

एक बाई, तिचं तान्हं मूल. नवरा मासे मारायला दूर गेलेला. एका दिवशी दारावर थाप पडते. बाहेर एक परकी बाई उभी, अंगावर पातळ शाल. आई म्हणते, आत ये, गारठशील. ती म्हणते, मला थंडी नाही वाजत. मला फक्त तुझं मूल क्षणभर दे. मूल किती जड असतं ते मी विसरून गेले आहे.

"हूं," ललितानं अंगणातून म्हटलं. तिचा हात मोहावरच थांबला.

आई दार लावून घेते. दुसऱ्या दिवशी ती बाई खिडकीशी. काचेला तोंड लावलेलं, पण काचेवर वाफ नाही.

"हूं..."

इथं ललिता उठली. घरामागच्या सांदवाडीतल्या टाक्याला पाणी आलं होतं, बादली लावायची होती. तिला वाटलं, येतोच दोन मिनिटांत. दीपिका वाचतच होती.

पाणी बारीक होतं. बादली भरायला वेळ लागला. परत आली तेव्हा दीपिका वही मिटत होती.

"झाली का वो? मले थांबाचं नाई का?"

"थांबलीच तं होती. तुमी हुंकारी भरत होत्या म्हणून वाचत गेली."

"मी सांदवाडीत होतो, दीपिका."

दीपिका हसली. मग तिनं ललिताच्या हातातली बादली बघितली, आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

"माह्या मागून येत होती हुंकारी. प्रत्येक वाक्याले... घरातून."

दोघींनी घरात बघितलं. आत चंदनशिवाय कोणी नव्हतं. झोळी हलत होती. वारा नव्हता, पाय लावणारं कोणी नव्हतं, तरी झोळी हलत होती. सावकाश. कोणीतरी अगदी जपून झोका द्यावा तशी.

ललितानं धावत जाऊन लेकरू उचललं. चंदन गाढ झोपलेला, गाल गुबगुबीत. पण लुगडं गार होतं. चैत्रातल्या दुपारी, विहिरीच्या तळचं पाणी लागावं तसं.

"शेवट काय झाला त्या गोष्टीचा?" तिनं विचारलं.

दीपिकानं वही उघडून दाखवली. तिसऱ्या दिवशी आई पाणी आणायला जाते. परत येते तर ती बाई घरात, चुलीपाशी. मूल तिच्या मांडीवर. आई दाराच्या कडीवर हात ठेवते... आणि तिथं उतारा संपला होता. खाली प्रश्न होता: बर्फ ह्या प्रतीकाचे महत्त्व स्पष्ट करा.

"अन् पुढचं?"

"पुढचं नाई. आमाले इतकंच आहे."

ललिता तशीच उभी राहिली. तीही पाणी आणायलाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं चंदनला उचललं. जड घागर म्हणून जोर लावावा आणि ती रिकामी निघावी, तसा तिचा हात वर गेला. लेकरू होतं तसंच होतं. दूध पीत होतं, हसत होतं, मांडीच्या वळ्या तशाच. पण हाताला लागत नव्हतं. तिनं झोळीत घातलं. झोळीचं बूड जमिनीपासून हातभर उंच राहिलं.

ती तशीच अंगणवाडीत गेली. सेविका नीलिमानं चंदनला लटकत्या काट्याला अडकवलं.

"मागल्या महिन्यात सात किलो आठशे. आता पाच नऊशे?" नीलिमानं कार्ड पुन्हा बघितलं. "हगवण लागली होती का?"

"नाई."

"ताप?"

"काईच नाई वो बाई. पाहा न, कुठी सुकला तो?"

नीलिमानं चंदनचा दंड दाबून पाहिला, पोट पाहिलं. "लेकराकडं पाह्यलं तं काईच वाटत नाई," ती म्हणाली. "दवाखान्यात दाखवून ये." ललिता आरमोरीच्या रस्त्यापर्यंत चालत गेली, काळीपिवळी जीप पकडली, दाखवून आली. डॉक्टरनं छाती ऐकली, डोळे पाहिले, म्हणाला तब्येत ठणठणीत आहे, तुमचा काटा तपासा.

बुधवारी झोळी आणखी वर गेली. ललिता आता त्याला झोळीत घालतच नव्हती, कडेवर बांधूनच कामं करायची. पण कड भरत नव्हती. दोनदा तिनं खाली वाकून बघितलं, आहे ना म्हणून. वाळलेल्या मोहाची टोपली असते ना, भरलेली दिसते, उचलली की हवा... तसं झालं होतं लेकरू.

मूल किती जड असतं ते मी विसरून गेले आहे.

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तिनं शेवटी सासूला सगळं सांगितलं. आशाबाईची भाकर तव्यावर करपली.

"अर्धी गोष्ट सोडली? हुंकारी भरून?" ती आधी लेकीवर तुटून पडली. "शिकली, शिकली म्हंता, अन् इतकं समजत नाई तुले?"

"माय, मले काय मालूम! कालेजात असंच रायते. गोष्टीचा तुकडा देते, पूर्ण कोनी वाचत नाई."

"मंग पुरी कर! पुस्तकवाल्याले विचार अन् पुरी कर!"

गावात फोनला रेंज फक्त बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर यायची. बुधवारी उन्हं कलताना दोघी पाळीवर चढल्या. ललिताच्या कडेवर चंदन. दीपिकानं सरांना फोन लावला, स्पीकरवर.

"प्रफुल्ल सर, तो बर्फवाला उतारा आहे न..."

"हां हां. बर्फाचं प्रतीक लिही, आईचं एकटेपण लिही. सोळा मार्क कुठे गेले नाहीत."

"सर, पण पुढं काय होते? शेवट काय आहे?"

"शेवट... अगं, खरं सांगू? मलाही माहीत नाही. मराठीत तेवढाच तुकडा आला. अकरा वर्षं शिकवतोय मी तो. कोणी विचारलंच नाही आजवर."

"मूळ पुस्तक, सर?"

"कुठे मिळायचं ते आपल्याकडे! तू अभ्यास कर, नसत्या गोष्टीत..." सर मध्येच थांबले. "दीपिका, तुझ्याजवळ कोण आहे?"

"वहिनी आहे, सर."

"त्यांना सांग जरा थांबायला. मी बोलतोय आणि त्या मधे मधे हूं, हूं करताहेत. काही ऐकू येत नाही मला."

ललितानं दातांखाली पदर धरला होता. तिच्या तोंडून श्वासही बाहेर पडला नव्हता. दीपिकानं फोन बंद केला. बोडीच्या पाण्यावर एक बगळा होता तो उडाला, आणि मग काहीच हललं नाही.

घरी आल्यावर आशाबाईनं सोमारीला बोलावलं. सोमारी गोंडाची, तिचा आजा गावोगाव गोष्टी सांगत हिंडलेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. चंदनला हातात घेतलं, लगेच परत दिलं.

"सांगनारा मधीच मरून जाते कधी कधी," ती म्हणाली. "तवा आमच्यात दुसरा कोनी त्याच जाग्यावर बसते, त्याच टायमाले, अन् गोष्ट पुरी करते. आपल्या मनानं. पन ऐकनाऱ्याच्या मनाले आली पाह्यजे. नाई आली तं तो हुंकारी भरत नाई."

"मी करतो पुरी," दीपिका म्हणाली.

"तुह्याजवळ नाई बसली ते बाई," सोमारी म्हणाली. "जिचं लेकरू, तिच्याजवळ बसली. तिनंच सांगाचं. अन् लेकरू झोळीतच पाह्यजे."

"झोळीत नाई घालत मी त्याले!" ललिता ओरडली.

सोमारी नुसती चंदनकडं बघत राहिली. चंदन हसत होता. कडेवर त्याचं वजन एका पाखराएवढं राहिलं होतं.

गुरुवारची दुपार. आशाबाई आणि सोमारी अंगणात बसल्या. दीपिका भिंतीला टेकून, दोन्ही हात तोंडावर. ललिता दाराशी चटईवर. समोर घरात झोळी, झोळीत चंदन. लुगडं ताणलंच नव्हतं. नुसतं लोंबत होतं, वाळत घातल्यासारखं.

सातवीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं होतं, तसं तिला वाटलं. पण तेव्हा चुकली, तर सगळे नुसते हसले होते.

"मंग... मंग त्या मायनं कडीवर हात ठेवला," तिनं सुरुवात केली. "अन् आत पाह्यलं. तिचं लेकरू त्या बाईच्या मांडीवर."

आतून आलं. हलकंच, श्वासाएवढं.

"हूं."

दीपिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मायनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं. म्हने, ठेव माह्यं लेकरू. नाईतं जाळतो तुले."

ललिता थांबली. वाट बघितली. कवेलू कटकट वाजले. आतून काही आलं नाही. झोळीचं बूड सरकत सरकत वर चढलं, बोटभर, मग आणखी बोटभर.

"नाई, नाई... तसं नाई झालं. तिचा नवरा आला. त्याच्या हातात कुऱ्हाड..."

काही नाही. झोळी कमरेएवढ्या उंचीवर आली. आत चंदन होता की नव्हता ते बाहेरून कळत नव्हतं. अंगणातून आशाबाई पुटपुटायला लागली, देवाचं नाव घेत होती की लेकाचं कोण जाणे. ललिताच्या नाकात मोहाचा वास येत होता आणि त्या वासाखाली दुसराच एक, ओल्या लोकरीसारखा, गार. तिला धावत जाऊन लुगडं फाडावंसं वाटलं. पण फाडून आत हात घातला आणि हाताला काहीच लागलं नाही तर...

तिनं डोळे मिटले. त्या बाईचं तोंड तिला दिसलं, काचेला लावलेलं. मूल किती जड असतं ते विसरली. कोण विसरतं असं? जिनं कधी उचललं असेल तीच विसरेल ना!

"मायनं हातातलं लाकूड खाली ठेवलं," ललिता हळूच म्हणाली. "तिच्यापाशी बसली. विचारलं... बाई, तुह्यं लेकरू कुठी आहे?"

"हूं."

इतकं लगेच आलं की दीपिका दचकून किंचाळली.

"ते बाई म्हने... बाहेर आहे. बर्फात. मी पानी आनाले गेली होतो. दोन मिंटं."

"हूं... हूं..."

"म्हने, तवापासून हात रिकामे आहे. मंग माय म्हने..." इथं ललिताला पुढचं दिसलं, आणि सांगावं की नाही हे तिला कळेना. पण झोळी तिच्या डोळ्यांसमोर तसूतसूनं खाली येत होती. लुगडं ताणलं जात होतं. तिच्यानं थांबवलं नाही. "माय म्हने, घेऊन ये त्याले. बाहेर काऊन ठेवलं? माह्या चुलीजवळ दे. तू हिंड, तू जा, तुह्या जिवाले आता आराम दे. तुह्यं अन् माह्यं, दोनीले मीच कडेवर वागवतो."

घरात काही वेळ काहीच झालं नाही.

मग 'हूं' आलं. पण आतून नाही. दाराच्या बाहेरून, अगदी ललिताच्या कानाशी, जाता जाता म्हणावं तसं. अंगणात पसरलेल्या मोहावरून काहीतरी सरसर गेलं. सोमारीनं पाय जवळ ओढून घेतले.

झोळी दण्णकन खाली आली. चंदन रडला. ललितानं झेप घेऊन त्याला उचललं, आणि ती चटईवर मटकन बसली, कारण लेकरू जड होतं. घामेजलेलं, गरम, जड. ती त्याला छातीशी धरून हसत होती, रडत होती. आशाबाईनं दोघांवरून मीठमिरच्या उतरवल्या. दीपिकानं त्या उताऱ्याची पानं वहीतून फाडून चुलीत घातली. सोळा मार्क गेले तर गेले म्हणाली.

सोमारी उठताना ललिताला म्हणाली, "चांगली पुरी केली तुनं गोष्ट. आपले शबुद ध्यानात ठेव मात्र."

पुढचे पंधरा दिवस बरे गेले. दीपिका परीक्षा देऊन आली. अतुल मोहर्लीहून आला, लेकाला वर उडवून झेलताना म्हणाला, "काय खाऊ घालता वो याले? हात दुखून राह्यले माहे." सगळे हसले. ललिताही हसली. तिचेही हात दुखत होते, पण मोह परतून दुखत असतील, असं तिनं धरलं होतं.

मग अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. नीलिमानं चंदनला काट्याला अडकवलं. काटा सरकला, सातावरून आठावर, थांबला नाही. पंधराच्या पुढं जाऊन थरथरत उभा राहिला.

"बिघडला वाटते," नीलिमा म्हणाली. तिनं चंदनला उतरवलं, दुसऱ्या बाईचं लेकरू अडकवलं. सहा नऊशे. बरोबर. पुन्हा चंदन. पंधरा सहाशे.

नीलिमानं पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. "मी सात आठशेच लिवतो बाई. वर पाठवाचं रायते."

ललितानं लेकरू घेतलं, उन्हात बाहेर पडली. चंदन उजव्या कडेवर होता. घामानं तिची ती बाजू भिजली होती. डावी बाजू कोरडी होती. कोरडी आणि गार.

हापशीवर बाया पाणी भरत होत्या. आशाबाईही होती, तिच्या डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड, हातात दुसरी भरलेली बादली.

"आली का वो? धर हे बादली, माह्यी कंबर गेली."

ललिता जागची हलली नाही.

"धर न वो! एक हात तं मोकळाच आहे तुहा."

ललितानं आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. तो कोपरात वाकलेला होता, कमरेशी, पंजा वर वळलेला, खाली काही निसटू नये म्हणून धरावा तसा. तिनं तो सरळ करून बघायचं मनात आणलं. मग केला नाही.

"नाई, माय," ती हळूच म्हणाली. "हळू बोला. आत्ता निजलं."

उजव्या कडेवरचा चंदन टक्क जागा होता, आणि तिच्या छातीवरून पलीकडं वाकून, बोट पुढं करून, कोणालातरी हसत होता.